कडकनाथ: काळं मांस, लाल रक्त आणि आमच्या वाडीतलं शेड

आधी एक गोष्ट सांगून टाकते म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. कडकनाथ कोंबडीचं रक्त लालच असतं. कुणी तुम्हाला काळ्या रक्ताची कोंबडी म्हणून सांगितलं असेल, व्हॉट्सअ‍ॅपवर काळ्याकुळकुळीत अंड्यांचा फोटो आला असेल तर तो डिलीट करा, अंडं फिकट तपकिरी असतं, जरा गुलाबीसर झाक असलेलं, बाकी आपल्या गावरान अंड्यासारखंच, आणि फोडलं की आत बलक पिवळा. मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते आणि आनुवंशिकतेचा धडा सुरू झाला की मागच्या बाकावरून प्रश्न येतोच, मॅडम कडकनाथचं आतलं सगळंच काळं असतं ना? सगळंच नाही. पण जे असतं ते पहिल्यांदा बघताना बोलती बंद होते, हे मान्य.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. तिथं आमच्या चुलत घरी काही काळ कडकनाथचं शेड होतं, त्याची गोष्ट पुढे येईलच. काकूने त्यातली एक कोंबडी पहिल्यांदा कापायला घेतली तेव्हा मी मुद्दाम शेजारी पाट घेऊन बसले. पिसं काळी, त्यावर ऊन पडलं की हिरवट चमक, हे तर लांबूनही दिसतं. तुरा जांभळट काळा, जीभ राखाडी, नखं काळी. गरम पाण्यात बुडवून पिसं उपटली तर खाली कातडं निळसर काळं. काकू म्हणाली, "जळाल्यागत दिसतंय की गं हे." मग पोट फाडलं. आतड्यांना धरून ठेवणारा जो पातळ पडदा असतो ना, जो एरवी बघूनही न दिसल्यासारखा पारदर्शक असतो, तो इथं काळ्या नायलॉनसारखा पसरलेला. श्वासनलिका काळी. आणि अंडाशय, त्याच्या काळ्या देठांना लहानमोठे पिवळेधमक बलक लागलेले, एखादा चण्याएवढा, एखादा लिंबाएवढा. इतका पिवळा पिवळा मी आयुष्यात बघितला नव्हता, कारण त्याच्यामागे इतका काळा कधी नव्हताच. काकूच्या हाताला लागलेलं रक्त मात्र नेहमीसारखं लाल.

हाड मोडून बघितलं. लोक म्हणतात हाडं काळी, तर हाडावरचं आवरण काळं असतं, नखाने खरवडलं की तो पापुद्रा निघतो आणि खाली हाड बऱ्यापैकी हाडाच्याच रंगाचं. मांसाचंही तसंच आहे, स्नायूचे धागे स्वतः काळे नसतात, त्या धाग्यांना एकत्र बांधणाऱ्या ज्या पातळ पातळ आवरणांच्या पिशव्या असतात त्यांच्यात रंग भरलेला असतो, आणि त्या सगळीकडे असल्यामुळे अख्खा तुकडा काळपट दिसतो. छातीचा तुकडा राखाडी, तंगडी जास्त गडद.

मग काकूने हट्टाने त्याचा पांढरा रस्सा केला. आता पांढरा रस्सा म्हणजे आमच्याकडे घराची इज्जत असते, त्याला कुणी नावं ठेवलेली चालत नाहीत. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं मी सोडून दिलं, इतकं ते मांस चिवट, पण अळणी पाणी काळं काही झालं नाही. हा काळा रंग म्हणजे मेलॅनिन, ते पाण्यात विरघळत नाही, शिजवून तेलात सुटत नाही, ते जिथे आहे तिथेच बसून राहतं. नारळाचं दूध, काजू, खसखस घालून झाल्यावर रस्सा छान पांढरा आणि त्यात कोळसे टाकल्यासारखे मांसाचे तुकडे. काका जेवले, चव चांगलीच होती, पण धाकट्या पुतण्याने ताट सरकवलं ते सरकवलंच.

आता हे होतं कसं. ह्याला फायब्रोमेलॅनोसिस म्हणतात, हा रोग नाही, कोंबडीला त्याचा काही त्रासही नाही. अंड्यात पिल्लू घडायला लागतं तेव्हा त्याच्या पाठीच्या कण्याच्या जागी पेशींचा एक पट्टा तयार होतो आणि तिथून पेशी प्रवासाला निघतात. काहींच्या पुढे नसा होतात, काहींच्या रंगपेशी. साध्या कोंबडीत दोघांचे रस्ते वेगळे, नसा होणाऱ्या पेशी शरीराच्या आतल्या बाजूला जातात आणि रंगपेशी कातड्याखालून, बाहेरच्या अंगाने, पिसांपर्यंत. कडकनाथमध्ये काय होतं की रंगपेशींची संख्या अफाट वाढते आणि त्या आतल्या रस्त्यालाही लागतात. लग्नाला आलेली मंडळी ओसरीवर बसायची सोडून माजघरात, देवघरात, कोठीच्या खोलीत सगळीकडे पथाऱ्या पसरून बसावीत तसं. आणि एकदा बसल्या की त्या त्यांचं काम करतात, रंग बनवतात, मग तो आतड्याच्या पडद्यात कुणाला दिसो न दिसो.

कारण सापडलंय. २०११ साली एक संशोधन छापून आलं, त्यात कोंबडीच्या २० नंबरच्या गुणसूत्रावर नेमकी काय भानगड झालीये ते दाखवलं. तिथले दोन तुकडे, एक साधारण डीएनएच्या १ लाख २७ हजार अक्षरांचा आणि दुसरा १ लाख ७१ हजारांचा, डबल झालेत, म्हणजे कॉपी करताना दोनदा उतरवले गेलेत आणि वर उलटसुलट चिकटलेत. त्यातल्या पहिल्या तुकड्यात ईडीएन३ नावाचं जनुक आहे, ज्याचा निरोप मिळाला की रंगपेशी वाढतात. जनुक डबल, निरोप जास्त, पेशी जास्त. बस एवढंच. म्हणजे ज्या काळेपणाला आपण औषध, चमत्कार, देवाची देणगी असं काय काय म्हणतो ते मुळात उतरवून घेतानाची एक चूक आहे, आणि ती कोंबडीला मानवली म्हणून टिकली.

मला जास्त मजा वाटते ती पुढच्या भागाची. ही चूक फक्त आपल्या मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथमध्ये नाही. चीनची सिल्की, जावा बेटावरची आयाम चेमानी, व्हिएतनामची ह्मॉंग कोंबडी, अगदी स्वीडनमध्ये एक स्वार्थोना म्हणून काळी जात आहे, सगळ्यांमध्ये तीच मोडतोड, त्याच जागी. आपल्या कडकनाथवर भोपाळच्या आयसर ह्या विज्ञानसंस्थेतल्या लोकांनी काम केलंय आणि तिच्यातही तेच. इतकी किचकट गडबड वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी पाच वेळा तंतोतंत तशीच होणं अवघडच, त्यामुळे कधीतरी कुठेतरी एका कोंबडीत हे एकदाच झालं आणि मग माणसांनी ती पिल्लं टोपलीत घालून, बोटीवर चढवून, ह्या गावाहून त्या गावाला नेली असं मानतात. म्हणजे झाबुआची भिलांची कोंबडी आणि स्वीडनची कोंबडी लांबच्या का होईना, नातेवाईक. सिल्कीची पिसं तर पांढरीशुभ्र असतात, कापसासारखी, आणि खाली कातडं काळं. म्हणून पिसाच्या रंगावरून आतला अंदाज करायचा नाही. आपल्याकडे अमावास्येला उताऱ्यासाठी जी काळी कोंबडी शोधत फिरतात, लिंबू टाचणी हळदकुंकू वगैरे, ती आतून ब्रॉयलरइतकीच गोरी निघते. तिच्या नशिबी तिठा आणि हिच्या नशिबी औषधाचं लेबल.

चीनमध्ये काळ्या मांसाच्या कोंबडीला औषध मानण्याची परंपरा खूप जुनी आहे. बाळंतिणीला तिचं सूप देतात, सोळाव्या शतकातल्या ली शिझेनच्या औषधांच्या ग्रंथात तिचा उल्लेख आहे, आजही तिच्यापासून बायकांसाठीच्या गोळ्या बनतात. मार्को पोलोने तेराव्या शतकात मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांबद्दल लिहून ठेवलंय आणि त्यांची अंडी फार चांगली असतात असंही.

आपल्या कडकनाथचं मूळ गाव म्हणजे मध्य प्रदेशचा पश्चिम कोपरा, झाबुआ, अलीराजपूर, धार. भिल आणि भिलाला लोकांची ही कोंबडी. तिकडे तिला काली मासी म्हणतात. आमच्या कॉलेजात एक सर आहेत धडगावकडचे, नर्मदेच्या ह्या काठाला नंदुरबार आणि पलीकडे अलीराजपूर, त्यांच्या पाहुण्यांकडे ह्या कोंबड्या असतात. ते सांगतात की घरटी चार-पाचच, दिवसभर बाहेर चरायच्या, खायला वेगळं काही घालत नाहीत, आणि खायच्या म्हणाल तर रोज कोण खातं, दिवाळीनंतर देवीला देतात, पाहुणा तसाच मोठा आला तर कापतात. सरांना मी विचारलं की औषध म्हणून? तर म्हणाले, "म्हणतात तसं म्हातारे लोक, पण मॅडम आमच्याकडे कुठली कोंबडी औषध नाहीये?" ह्यावर काय बोलणार.

हिच्यात एक खोट आहे जी जाहिरातवाले सांगत नाहीत. कोंबडी खुडूक बसायला फार नाखूष. अंडी घालते, वर्षाला ऐंशी-शंभरच्या आसपास, आणि उबवायची वेळ आली की चालायला लागते. त्यामुळे खेड्यात तिची अंडी दुसऱ्या गावरान कोंबडीखाली ठेवतात. पिल्लू निघतं तेव्हा निळसर काळं, पाठीवर वेडेवाकडे पट्टे. वाढतेही सावकाश, ब्रॉयलर चाळीसेक दिवसांत दोन किलो होतो, हिचा कोंबडा तेवढा व्हायला अनेक महिने घेतो आणि कोंबडी तर दीड किलोच्या पुढे क्वचितच जाते. म्हणजे निसर्गतःच हे थोडक्यात राहणारं पाखरू आहे. शेडमध्ये हजारांनी भरायचं असेल तर उबवणीचं मशीन पाहिजे, विकतचं खाद्य पाहिजे, आणि एवढं महाग पडलेलं मांस घेणारं गिऱ्हाईक पाहिजे. शेवटचं वाक्य परत वाचा.

२०१८ साली झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला जीआय टॅग मिळाला, म्हणजे ही त्या भागाचीच खासियत अशी सरकारी नोंद. छत्तीसगडच्या दंतेवाड्यानेही हक्क सांगितला होता, पेपरात बरीच चर्चा झाली, शेवटी झाबुआकडे गेला. पुढच्या वर्षी तिथल्या कृषी विज्ञान केंद्राने क्रिकेट बोर्डाला पत्र पाठवलं की विराट कोहलीला कडकनाथ खाऊ घाला. मग धोनीने रांचीच्या फार्मसाठी २००० पिल्लांची ऑर्डर दिल्याची बातमी आली, तर ती पिल्लं देणाऱ्या झाबुआच्या फार्मवरच बर्ड फ्लू आला, अशी सगळी गंमत. ह्या काळात प्रत्येक बातमीखाली तेच आकडे फिरत होते, प्रोटीन २५ टक्के, फॅट एक टक्का, कोलेस्टेरॉल कमी, लोह भरपूर, हार्टला चांगलं, दम्याला चांगलं, मर्दानी ताकद वगैरे.

मी ह्याच्यावर वैतागते कारण माझ्या वर्गातली मुलंही हेच लिहितात. मांस काळं म्हणून लोह जास्त, हा हिशोब कुठून आला? काळा रंग मेलॅनिनचा, आपल्या केसात आहे तोच, त्याचा हिमोग्लोबिनशी काही संबंध नाही. फॅट कमी असेलही, पण सावकाश वाढलेली, दिवसभर पळणारी, वयाने मोठी झालेली कुठलीही गावरान कोंबडी घ्या, तिच्यातही ब्रॉयलरपेक्षा चरबी कमीच भरेल. ते श्रेय पळण्याचं आहे, रंगाचं नाही. ज्याला परवडतं त्याने खुशाल खावी, चवीला छान आहे. पण हिमोग्लोबिन नऊ असलेल्या बाईला कडकनाथ खा सांगून लोहाच्या गोळ्या बंद करायला लावणारे लोक मी बघितलेत, आणि तिथे मला गप्प बसवत नाही.

काळा रंग दिसला की आपल्याला काहीतरी अर्थ लावल्याशिवाय चैनच पडत नाही, एक तर औषध नाहीतर अरिष्ट. माझ्या सासऱ्यांची कोलोनोस्कोपी झाली तेव्हा रिपोर्टमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तरावर काळे चट्टे असं आलं, खाली मेलॅनोसिस कोलाय. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, पोट साफ व्हायला काय घेता? तर रोज रात्री चूर्ण, त्यात सोनामुखी, वर्षानुवर्षं. त्या चूर्णाने आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मरत राहतात आणि त्यांचा कचरा साठून काळपट दिसतं, नावात मेलॅनो असलं तरी ते मेलॅनिन नव्हेच, आणि चूर्ण बंद केलं की काही महिन्यांत जातं. सासरे सुटले, चूर्ण सुटायला मात्र फार भांडणं झाली. सांगायचं हे की तिथे काळं दिसलं म्हणून आम्ही कॅन्सर समजलो आणि कोंबडीत काळं दिसलं म्हणून लोक अमृत समजतात. दोन्हीकडे रंग बिचारा काहीच करत नव्हता.

तर शेडची गोष्ट. आमचा चुलतभाऊ, त्याला सगळे आप्पा म्हणतात, ऊस लावून कंटाळलेला. त्या वर्षांत आमच्या भागात एक स्कीम निघाली. पैसे भरा, पिल्लं घ्या, खाद्य आम्ही देतो, डॉक्टर आम्ही पाठवतो, अंडी आम्हीच विकत घेतो, आणि अंड्याचा भाव ऐकला तर म्हैस विकून लोक कोंबड्यांत पडतील असा. पडलेच. सुरुवातीच्यांना पैसे मिळाले, त्यांनी गाडी घेतली, ती गाडी बघून उरलेल्यांनी शेड बांधलं. आप्पाने सोसायटीचं कर्ज आणि वहिनीचं गंठण. सांगली, कोल्हापूर, सातारा करत करत बाहेरच्या जिल्ह्यांतही हे गेलं.

मी एकदा आप्पाला विचारलं, ही अंडी जातात कुठे? म्हणाला, कंपनीला. कंपनी काय करते? पिल्लं काढते. पिल्लांचं? नवीन शेतकऱ्याला देते. मग कापून खातं कोण? तर हसला, "तू मास्तरीणच राहणार." ह्या सगळ्या साखळीत कोंबडी खाणारा माणूसच नव्हता. नवीन पैसे भरणारे यायचे तोवर अंड्याला भाव, ते थांबले की संपलं. २०१९ च्या पावसाळ्यात ते संपलं. खाद्याची गाडी यायची बंद झाली, फोन लागेनात, ऑफिसला कुलूप. हजारो लोक अडकले, गुन्हे दाखल झाले, मोर्चे निघाले. सप्टेंबरमध्ये मुख्यमंत्र्यांची यात्रा सांगली जिल्ह्यातून चालली होती तेव्हा आंदोलकांनी ताफ्यावर कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकली, ते व्हिडिओ अजून सापडतील.

शेडमध्ये उपाशी कोंबड्या काय करतात ते मी लिहिणार नाही. एकमेकींना टोचायला लागतात एवढं सांगते. आप्पा आठवडाभर बाजार फिरला, गावात कुणी घेईना, ज्या मांसाचा भाव पेपरात हजाराच्या घरात छापून यायचा ते आमच्या आठवडी बाजारात गावरानच्या भावालाही जाईना, लोकांना रंगाचीच किळस. मटणवाल्याने तर तोंडावर सांगितलं, "गिऱ्हाईक म्हणतंय शिळं हाय." शेवटी बऱ्याच शेडवाल्यांनी केलं तेच त्याने केलं, दारं उघडली. जेवढ्या जगतील तेवढ्या जगू देत.

आणि इथे माझा धडा सुरू होतो. १९११ साली बेटसन आणि पनेट, हो तोच तो बारावीतला पनेटचा चौकोन, ह्या दोघांनी सिल्कीचा संकर साध्या कोंबड्यांशी करून ह्याच काळ्या रंगाचा वारसा कसा चालतो ते शोधलं होतं. काळेपण आणणारं जनुक जोरदार आहे, आईबापातल्या एकाकडून आलं तरी पुरतं. पण त्याला कुलूप लावणारं दुसरं एक जनुक असतं, ते लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेलं. पक्ष्यांत मुलगा की मुलगी हे आई ठरवते आणि ज्यावर हे कुलूप असू शकतं ते गुणसूत्र मुलीला फक्त बापाकडून मिळतं. कडकनाथकडे हे कुलूप नसतं. त्यामुळे बाप कडकनाथ आणि आई कुलूपवाली साधी असेल तर मुली काळ्या आणि मुलगे उजळ. उलट बाप कुलूपवाला आणि आई कडकनाथ, तर काळेपण पोटात असूनही पोरं सगळी उजळच, फारतर इथे तिथे डाग. आणि ज्या गावरानात कुलूप मुळातच नाही, जिचे पाय आधीच सावळे असतात, तिच्याशी जोडी जमली तर सगळंच काळपट. म्हणून नुसता रंग बघून शुद्ध कडकनाथ म्हणून पैसे मोजू नका, मिश्र पिल्लूही तितकंच काळं दिसू शकतं.

आमच्या वाडीत आता हे सगळं उकिरड्यावर चालू आहे. कुणाच्या दारात पांढऱ्या पिसांची आणि जांभळ्या तुऱ्याची कोंबडी, कुणाचा लालभडक कोंबडा पण पाय शिसपेन्सिलीच्या रंगाचे. परवा काकूने जावयासाठी गावरान म्हणून कोंबडा कापला, तर हाडांवर राखाडी डाग. ती फोनवर माझ्यावरच ओरडली, जणू मीच रंगवला होता. "पोरी, जावई बघून म्हणतोय सासूबाई हे खराब झालंय काय. आता त्येला काय सांगू, आप्पाचं शेड हाय त्यात?" मी म्हटलं सांग की काकू, तसंच सांग. तिने नाही सांगितलं. मसाला जरा जास्त घालून तांबडा रस्सा केला, जावई दोन वाट्या प्याला, आणि आप्पाचं सोसायटीचं कर्ज अजून फिटायचंय.